दिल्लीत अडीच दिवस: वास्तू आणि बागा कशा बसवाव्यात?

बावधनकर:
फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गोवा एक्सप्रेसने शनिवारी सकाळी निजामुद्दीनला उतरतोय, सोमवारी दुपारी परतीची गाडी. बरोबर आई-बाबा आहेत, दोघं सत्तरीपुढचे. आईचे गुडघे दुखतात. दहा ठिकाणांना नुसतं शिवून यायचं नाही. मोजक्या वास्तू आणि निवांत बसता येईल अशा बागा हव्यात. क्रम कसा लावावा?

शनिपारवाली:
दादा, आधी सोमवार सांभाळा. लाल किल्ला, राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान, कमळ मंदिर सगळं बंद. हुमायूनचा मकबरा, कुतुबमिनार आणि लोधी गार्डन चालू. म्हणून लोधी गार्डन सोमवारसाठी ठेवा.

शनिवारी सामान निजामुद्दीनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप लागतं, तिकीटही दाखवावं लागतं. तिथून मकबरा रिक्षाने जवळच. आत शिरल्यावर उजवीकडे ईसा खानची अष्टकोनी कबर आहे, 1547 ची, म्हणजे हुमायूनच्या मकबऱ्याहूनही जुनी. घाईत लोक तशीच ओलांडून जातात. मुख्य चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत, आईंना चढवू नका. खालच्या चारबागेतून, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेतून, लाल दगडातले संगमरवराचे पट्टे उलट जास्त चांगले दिसतात.

शेजारीच सुंदर नर्सरी, तिकीट वेगळं. 90 एकर, आपल्या पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या दुपटीहून मोठी. वाटा सपाट, बाकं भरपूर. दुपार इथेच काढा.

एरंडवणेकर:
रविवारी अमृत उद्यान. प्रवेश मोफत, पण वेळेचा स्लॉट आधीच ऑनलाइन घेतलेला बरा, शनिवार-रविवारचे आधी संपतात. त्या वर्षीच्या तारखा राष्ट्रपती भवनाच्या साइटवर येतात, त्या बघूनच रेल्वेचं आरक्षण पक्कं करा. खाण्याचे डबे नेऊ नका, गेटवर अडवतात.

त्याच दिवशी लाल किल्ला जोडायचा मोह टाळा. रविवारची गर्दी आणि आतली लांबलचक चाल गुडघ्यांना झेपणार नाही. त्यापेक्षा संध्याकाळी इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक.

बावधनकर:
तालकटोरा बागेत जाण्यासारखं आहे का? 1737 मध्ये बाजीरावांचा तळ तिथे पडला होता, म्हणून बाबांना फार ओढ आहे.

शनिपारवाली:
जरूर जा, राष्ट्रपती भवनापासून जवळ आहे. तळाची खूण म्हणून जुनी वास्तू मात्र शोधू नका, जागा पाहायची.

सोमवारी सकाळी जोरबाग मेट्रोवरून लोधी गार्डन. तिथल्या शीश गुंबद या जुन्या कबरीच्या दर्शनी भागावर निळ्या फरशांच्या पट्ट्या अजून टिकून आहेत, उन्हात चमकतात. तळ्यावरच्या आठपुलाचे खांब आठ, कमानी सातच; आईंना मोजायला सांगा.

आणि पुणे मेट्रोचं वन पुणे कार्ड दिल्ली मेट्रोत चालतं. फक्त ऑनलाइन भरलेले पैसे स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावल्याशिवाय कार्डात उतरत नाहीत, गेट उघडत नाही. ते काम पुण्यातच उरका.