सेरेंगेटीनंतर रुबोंडो बेटावर जावे का?

पाणकावळा:
सेरेंगेटीची सफारी आटोपल्यावर टांझानियातच, व्हिक्टोरिया सरोवराच्या नैर्ऋत्य भागातील रुबोंडो बेटावर मुक्काम करण्याचा आमचा विचार आहे. तेथे सिंह आणि बिबटे नाहीत, असे वाचनात आले. मग एवढी वाट वाकडी करून पाहण्याजोगे तेथे काय आहे आणि सरोवराकाठच्या म्वान्झा शहराहून कसे जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रानवाट:
सिंह-बिबटे नाहीत, म्हणूनच तेथे रक्षकाबरोबर दाट जंगलातून पायी हिंडता येते. १९६६ ते १९६९ या काळात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक यांच्या पुढाकाराने युरोपातील प्राणिसंग्रहालयांतून व सर्कशींतून सोडवलेले १७ चिंपांझी या बेटावर आणले गेले. कोणत्याही पूर्वतयारीविना सोडलेले हे प्राणी रानफळे शोधायला आणि झाडांवर घरटी बांधायला लागले. आजचे चिंपांझी त्यांचेच वंशज आहेत. ते दिसतीलच, असे मात्र गृहीत धरू नये. हत्ती आणि जिराफही बाहेरूनच आणलेले; त्याच दशकात आणलेले काळे गेंडे चोरट्या शिकारीत संपले. मला विचाराल तर बेटाचा खरा मूळ रहिवासी सिटाटुंगा आवर्जून शोधावा. लांब, फाकणाऱ्या खुरांमुळे हे हरीण दलदलीत रुतत नाही आणि धोका जाणवताच केवळ नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवून दडून राहते.

लाटांवर:
म्वान्झाहून छोट्या विमानाने थेट बेटावरील धावपट्टीवर उतरता येते, पण ते महाग पडते. रस्त्याने गेइटामार्गे न्कोमेला जाऊन पुढे बोट घेता येते. सरोवराच्या आखातावरील किगोंगो-बुसिसी पूल २०२५ मध्ये खुला झाल्यामुळे त्या वाटेवर फेरीबोटीसाठी खोळंबावे लागत नाही. सरोवरावर वारा अचानक उठतो, म्हणून बोट सकाळचीच ठरवावी. पाणी कितीही नितळ दिसले तरी पोहू नये, कारण मगरींखेरीज बिल्हार्झियाचाही (पाण्यातून त्वचेवाटे शरीरात शिरणाऱ्या कृमींमुळे होणाऱ्या रोगाचा) धोका आहे. चावऱ्या त्सेत्से माश्या गडद निळ्या व काळ्या कपड्यांकडे ओढल्या जातात, तेव्हा फिकट खाकी कपडेच न्यावेत.

पाणकावळा:
दोघांचेही आभार. आमच्यापैकी एकाला वरचेवर सर्दी होते. त्याने चिंपांझींच्या मागावर गेलेले चालते का?

रानवाट:
सर्दी असेल तर त्या दिवशी मुळीच जाऊ नये, कारण माणसाचे श्वसनविकार चिंपांझींना सहज जडतात आणि त्यांच्या जिवावर बेतू शकतात. सर्दी झालेल्याने त्या दिवशी बोटीतून मत्स्यगरुड पाहावेत. किनाऱ्यावरच्या झाडांवर ते भरपूर दिसतात.