शब्दचर्चा : ‘पूर्वनिर्धारित’ की ‘अध्याहृत’?

प्रश्न : लातूर येथील प्रशिक्षणवर्गासाठी आभासी यंत्रांच्या नेटवर्क जोडणीवरील जुनी मराठी टिपणे आम्ही अद्ययावत करीत आहोत. त्यांत ‘लिबव्हर्टमध्ये उपकरणवाटपासाठी केव्हीएम हा पूर्वनिर्धारित ड्रायव्हर आहे’ असे वाक्य आहे. (आभासी यंत्र म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक; लिबव्हर्ट ही अशी यंत्रे सांभाळणारी प्रणाली, केव्हीएम ही ती चालवण्याची लिनक्समधील सोय आणि उपकरणवाटप म्हणजे खरे उपकरण थेट आभासी यंत्राकडे सोपवणे.) माहिती जुनी झाली आहे, हे ठाऊक आहे. परंतु ‘उपकरणवाटप’ आणि ‘पूर्वनिर्धारित’ हे शब्द तसेच ठेवावेत का?

उत्तर : सर, दोन्ही बदलावेत. लिबव्हर्टच्या १.१.३ या आवृत्तीपूर्वी ड्रायव्हरचे नाव लिहिले नाही, तर नेहमी केव्हीएमच धरला जाई. तेव्हा ‘पूर्वनिर्धारित’ हा शब्द चुकीचा नव्हता. त्या आवृत्तीपासून मात्र यजमान संगणकावर (ज्यावर आभासी यंत्रे चालतात त्यावर) व्हीएफआयओ हा दुसरा ड्रायव्हर उपलब्ध आणि लोड झालेला असेल तर तो, नसेल तर केव्हीएम, असा निर्णय त्या त्या संगणकाची स्थिती पाहून होऊ लागला. जे आधी ठरलेलेच नाही, त्याला ‘पूर्वनिर्धारित’ म्हटल्यास वाचणारा दोन संगणकांवर एकच उत्तर मिळेल असे गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. (पुढे २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१२ या आवृत्तीतून केव्हीएमची ती जुनी पद्धत काढूनच टाकण्यात आली, हेही टिपणांत यावे.)

माझ्या मते येथे ‘अध्याहृत’ हा शब्द चपखल बसतो. ‘उद्या नांदेडला जाईन’ या वाक्यात ‘मी’ हा कर्ता लिहिलेला नसतो, पण क्रियापदाच्या रूपावरून तो कळतो. तसाच न लिहिलेला ड्रायव्हर संगणकाच्या स्थितीवरून ठरतो.

‘वाटप’ तर नकोच. नेटवर्क कार्ड असे सोपवले की पाहुणे (म्हणजे आभासी) यंत्र चालू असेपर्यंत यजमानाला ते वापरता येत नाही. आपल्याकडे शेत बटईने दिले तरी मालकाचा वाटा राहतो. इथे तसा वाटा उरत नाही, ताबाच जातो. म्हणून ‘उपकरणाचा ताबा देणे’ असे लिहावे. लिबव्हर्टमधील उपकरणाच्या नोंदीत ‘मॅनेज्ड’ या गुणधर्माला ‘यस’ हे मूल्य दिल्यास यंत्र सुरू होताना लिबव्हर्ट स्वतःच यजमानाकडून ताबा काढून घेते आणि यंत्र बंद झाल्यावर परत करते, हे वाक्यही मग सहज लिहिता येते.

परभणीहून एक मत : ‘अध्याहृत’ हा शब्द शाळेच्या व्याकरणातच राहिलेला आहे. मुले ‘डीफॉल्ट’ म्हणतात, तेच का लिहू नये?

उत्तर : बोलताना जरूर म्हणावे, पीककर्जाच्या कृपेने तो शब्द आपल्या भागात थकबाकीदारांसाठी आधीच रुळलेला आहे, एवढेच. लिहिताना संज्ञेवर अडून न बसता अट उलगडून सांगावी, हे मलाही मान्य आहे. वाक्य असे करता येईल : ‘ड्रायव्हरचे नाव न दिल्यास, व्हीएफआयओ उपलब्ध व लोड झालेला असल्यास तोच अध्याहृत धरला जातो, १.१.३ पूर्वीच्या आवृत्त्यांत नेहमी केव्हीएम धरला जात असे.’ आवृत्तीचा आकडा मात्र गाळू नये.

प्रश्नकर्ता : वाक्य घेतले आहे. एसआर-आयओव्हीच्या (एक कार्ड अनेक यंत्रांना पुरवण्याच्या तंत्राच्या) प्रकरणातही ‘वाटप’ काढावे का?

उत्तर : तिथे तो शब्द राहू द्यावा. एकाच कार्डाची अनेक आभासी कार्ये (स्वतंत्र कार्डासारखी वागणारी रूपे) केली जातात, ते वाटप. त्यांतील एकेक कार्य एकेका यंत्राकडे जाते, तो ताबा.