रेव्हिटमध्ये भिंतीतली फ्रेमिंग, स्टीलची आणि लाकडाची दोन्ही, कशी मॉडेल करता?

उंबरठा_नागपूर

नमस्कार मंडळी. मनीषनगरला एक जुनं एकमजली घर आहे, त्यावर एक मजला चढवायचाय. स्ट्रक्चरलवाल्या सरांनी स्पष्ट सांगितलं की वर विटांच्या भिंती नको, खालच्या पायाला झेपणार नाही, म्हणून वरचं सगळं लाइट गेज स्टीलच्या, म्हणजे पातळ पत्रा वाकवून केलेल्या, फ्रेमचं ठरलं, ८९ मिलिमीटरचे सी आकाराचे सेक्शन आणि दोन्हीकडून बोर्ड. पण समोरची एक खोली क्लायंटच्या वडिलांची आहे आणि ती त्यांना लाकडीच पाहिजे, कारण गावाकडचा वाडा उतरवला तेव्हाचं सागवान त्यांनी जपून ठेवलंय. सरांची त्याला हरकत नाही. म्हणजे एकाच मजल्यावर दोन प्रकारच्या फ्रेमच्या भिंती.

मी रेव्हिटमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) करून राहिलीय. भिंत काढली, लेयर टाकले, स्ट्रक्चरच्या लेयरला स्टड (फ्रेमचे उभे दांडे) म्हणून मटेरियल दिलं, प्लॅनमध्ये छान दिसते. पण ती शेवटी एक भरीव पट्टीच आहे ना, आत स्टड एकही नाही. फॅब्रिकेटर म्हणतो मॅडम स्टड कुठे कुठे येतील ते द्या, क्लायंट म्हणतो आमचं लाकूड पुरेल का ते सांगा. एका भिंतीत एकेक कॉलम हाताने ठेवून पाहिला, दुसऱ्या दिवशी क्लायंटने खिडकी दीड फूट सरकवली आणि सगळं परत करावं लागलं.

प्लगइन आहेत हे माहीत आहे, एमडब्ल्यूएफ, आगाकॅडचे वूड आणि मेटल फ्रेमिंगचे वगैरे, पण एका घरासाठी आमच्या छोट्या ऑफिसला ते परवडत नाही. प्लगइनशिवाय तुम्ही कसं करता? आणि भिंतीचा लेयर पण ठेवला, स्टड पण ठेवले, तर क्वांटिटी डबल नाही का धरली जाणार?

सळई_ते_सेक्शन

ताई, आधी हे ठरवा की स्टड कोणासाठी काढताय. लाइट गेजचा फॅब्रिकेटर तुमच्या मॉडेलमधल्या स्टडवरून कापत नाही. त्याच्याकडे रोल फॉर्मिंग मशीन असते, तिचं सॉफ्टवेअर वेगळं, तो त्यात फ्रेम परत बसवतो आणि तिथून फाइल थेट मशीनला जाते, भोकं आणि खाचांसकट. तुम्ही प्रत्येक स्टड काढून दिला तरी तो नव्यानेच काढणार. त्याला तुमच्याकडून चार गोष्टी पक्क्या लागतात: स्टडची बाहेरची रेषा कुठे, उंची किती, ओपनिंग केवढं आणि वरून लोड कुठे येतो.

पहिल्या गोष्टीसाठी भिंतीची लोकेशन लाइन (रेव्हिट भिंत ज्या रेषेवर धरतं ती) कोअर फेसवर, म्हणजे स्टडच्या लेयरच्या कडेवर, ठेवा, फिनिश फेसवर नको. काहून, तर उद्या बाहेरचा सिमेंट बोर्ड ८ मिलिमीटरचा १२ झाला की फिनिशवर धरलेली भिंत स्टडला घेऊन सरकते, आणि ग्रिडपासूनची सगळी मापं बिघडतात. कोअरवर धरली तर स्टड जागेवर राहतो, जाडी बाहेरच्या बाहेर वाढते.

ओपनिंग म्हणजे चौकटीचं माप नाही, रफ ओपनिंग. चौकटीच्या दोन्ही बाजूला दहा-बारा मिलिमीटर मोकळे सोडून जे माप येतं ते दरवाजाच्या फॅमिलीत पॅरामीटर म्हणून टाका आणि शेड्यूलमध्ये तेच छापा, साइटवर अर्धी भांडणं इथेच होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाकडाच्या फ्रेममध्ये वर डबल टॉप प्लेट (स्टडच्या डोक्यावरच्या आडव्या लाकडांची जोडी) असते, ती जाड असते, त्यामुळे छताचा वासा दोन स्टडच्या मधे आला तरी ती भार दोन्हीकडे वाटून देते. स्टीलचा वरचा ट्रॅक (स्टडची टोकं ज्यात बसतात ती आडवी पट्टी) म्हणजे एक मिलिमीटरचा पत्रा, तो असा भार घेत नाही, वाकतो. म्हणून स्टीलमध्ये छताचा ट्रस, खालचा स्टड आणि त्याच्या खालचा आधार एका रेषेत यावे लागतात. तुमचा स्टड दर ६१० मिलिमीटरवर आणि ट्रस दर १००० वर असेल तर मॉडेल कितीही सुंदर दिसू दे, ते चुकीचं आहे. आधी ट्रसचं अंतर ठरवा, तेच ग्रिड भिंतीला द्या.

अजून एक, हा मजला हलका आहे म्हणजे वारा त्याला उचलू पाहणार. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, तो कमी नाही. भिंतीच्या टोकांना आणि मोठ्या ओपनिंगच्या बाजूला अँकर येतील, काही भिंतींत तिरपं ब्रेसिंग येईल. त्या भिंती मॉडेलमध्ये वेगळ्या रंगात दाखवा म्हणजे क्लायंटने खिडकी सरकवायची म्हटली तर तुम्हाला लगेच कळेल कुठे नाही म्हणायचं.

मिलियनवाला

वरच्या सळई सरांचं बरोबर आहे पण ताईंना टेंडरला आकडा पाहिजे, ड्रॉइंगमध्ये स्टडचं एलिव्हेशन पाहिजे, त्यासाठी मी जे करतो ते सांगतो. रेव्हिटमधली कर्टन वॉल (काचेच्या दर्शनी भिंतीसाठीचा भिंतीचा प्रकार) वापरा. काचेची नाही हो, तिची फक्त चौकट वापरायची. नवीन टाइप करा, पॅनेल एम्प्टी, व्हर्टिकल ग्रिड फिक्स्ड डिस्टन्स ६१०, आणि मिलियन (mullion, त्या चौकटीचा दांडा) म्हणून सी सेक्शनचं प्रोफाइल बनवून टाका, आडव्या बॉर्डरला ट्रॅकचं प्रोफाइल. भिंत लांबवली की स्टड आपोआप वाढतात, शेड्यूलमध्ये मिलियनची कॅटेगरी घेतली की लांबी आणि नग दोन्ही मिळतात. खिडकी येते तिथे ग्रिडचा तेवढा सेगमेंट काढायचा, हेडर आणि सिलसाठी (खिडकीच्या वरचा आणि खालचा आडवा दांडा) आडवी ग्रिड टाकायची.

आणि डबलचा प्रश्न असा सोडवायचा की एक भिंत ठेवायचीच नाही, तीन ठेवायच्या. बाहेरचं फिनिश ही एक भिंत, मधे ही कर्टन वॉल, आतला बोर्ड ही तिसरी. बाहेरची आणि आतली जॉइन जिऑमेट्रीने जोडली की एकच दरवाजा दोघींना कापतो. मधलीला कापत नाही, तिथे हाताने सेगमेंट काढावे लागतात, तेवढं कष्टाचं.

६१० काहून ते लक्षात ठेवा, बोर्ड १२२० रुंद असतो, त्याचा सांधा बरोबर स्टडवर पडला पाहिजे. १२ फुटाची भिंत म्हणजे ३६६०, तिच्यात तीन बोर्ड पूर्ण बसतात, स्टड सात. हीच भिंत ३७०० काढली तर शेवटी ४० मिलिमीटरची पट्टी कापावी लागते, ती कोणी नीट लावत नाही आणि तिथेच तडा दिसतो. खोलीची मापं ठरवतानाच हे पाहिलं तर पुढे फार सोपं जातं.

सी ला तोंड असतं हे पण बघा. सगळ्या स्टडची उघडी बाजू एकाच दिशेला ठेवायची, फक्त ओपनिंगच्या दोन्हीकडे पाठ ओपनिंगकडे. मी आरसा केलेलं दुसरं प्रोफाइल ठेवतो. आणि शेड्यूलमधली लांबी एकदा हाताने तपासा, खरा स्टड ट्रॅकच्या आत शिरतो पण मॉडेलमध्ये मिलियन ट्रॅकपाशीच तुटतो, त्यामुळे आकडा कमी येऊ शकतो.

उंबरठा_नागपूर

दोघांचेही खूप आभार. तीन भिंतींची आयडिया स्टीलला लगेच वापरते. पण लाकडी खोलीला पण हेच करू का? तिथे तुकडे एकसारखे नाहीत, वाड्याच्या तुळया वेगवेगळ्या जाडीच्या आहेत आणि वडिलांना त्यातलं काही आतून उघडं दिसायला पाहिजे.

लकडगंजची_लेक

ताई, लाकडाला कर्टन वॉल करू नका, माझं स्पष्ट मत. स्टीलमध्ये सगळे नग एकसारखे म्हणून ते चालतं. लाकडात प्रत्येक तुकडा वेगळा, त्याला नंबर लागतो. तिथे स्ट्रक्चरल कॉलम उभ्यांना आणि बीम आडव्यांना वापरा, एकच खोली आहे, हाताने ठेवायला जड नाही. मार्कमध्ये तुकड्याचा नंबर, कॉमेंटमध्ये तो कुठल्या तुळईतून निघाला ते. व्ह्यूचं डिटेल लेव्हल फाइन ठेवा, कोर्सवर बीम नुसती रेघ दिसते आणि मग वाटतं गायब झाला.

जुनं लाकूड मॉडेलमध्ये टाकायच्या आधी आरामशीनवर न्या, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. त्यात खिळे असतात, ते शोधून काढायला लागतात, टोकं भिंतीत गाडलेली होती ती बहुतेक कुजलेली असतात, उभी चीर असते. कापून रंधा मारल्यावर जे हातात येतं ते माप खरं. पाच इंची दिसणारी तुळई साफ होऊन साडेचारची निघाली तर तुमचा सगळा कोपरा बदलतो. आधी तुळयांची यादी, मग कापणी, मग मॉडेल.

पुरेल का याचं उत्तर शेड्यूलमध्येच काढता येतं. आपल्याकडे लाकूड घनफुटात बोलतात, तर कॅल्क्युलेटेड व्हॅल्यूत रुंदी गुणिले जाडी गुणिले लांबी करून घनमीटर काढा आणि ३५.३१ ने गुणा. ३८ बाय ८९ चा तीन मीटरचा एक स्टड साधारण ०.३६ घनफूट होतो. त्यावर करवतीची आणि रंध्याची तूट धरा, जुन्या मालात ती जास्त धरा.

आणि सगळ्यांना वाटतं लाकूड हलकं, तसं नाही. ८९ चा एक मिलिमीटर जाडीचा सी सेक्शन मीटरला दीड किलोच्या आसपास, तेवढ्याच मापाचं सागवान सव्वादोन किलोच्या आसपास. विटांच्या नऊ इंची भिंतीपुढे दोन्ही काहीच नाहीत, ती तीन मीटर उंच असली तर धावत्या मीटरला तेराशे किलोच्या घरात जाते. पण तुमचे सर पायाचा हिशेब करून राहिले असतील तर त्यांना लाकडी खोलीचं वजन वेगळं द्या.

उन्हाची_बाजू

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि ही भिंत वरच्या मजल्याची, तिला चारही बाजूंनी ऊन. स्टील लाकडापेक्षा तीनशे पटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. स्टडच्या मधे रॉकवूल भरलं तरी प्रत्येक स्टड बाहेरची उष्णता आतल्या बोर्डपर्यंत आणतो. रेव्हिट तुम्हाला लेयरवरून भिंतीची यू व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता आत येते तो आकडा) दाखवतं ना, ती स्टड धरत नाही, लेयर सलग आहे असं समजून काढते, त्यामुळे खरी भिंत त्याहून गरम. त्या आकड्यावर एसीचा हिशेब करू नका.

उपाय मॉडेलमध्येच करा, बाहेरच्या भिंतीत स्टड आणि सिमेंट बोर्डच्या मधे सलग इन्सुलेशनचा वेगळा लेयर, कुठेही न तुटता. तो आत्ताच टाकला तर खिडकीच्या चौकटीची खोली, बाहेरचा छज्जा सगळं त्याप्रमाणे येतं. शेवटी टाकायला गेलात तर प्रत्येक खिडकीचं डिटेल बदलेल. लाकडी खोलीला हा त्रास बराच कमी, ३८ चा स्टड ६१० वर म्हणजे भिंतीचा सहा टक्के भाग लाकूड, अधिक प्लेटा आणि हेडर.

उंबरठा_नागपूर

हे यू व्हॅल्यूचं खरंच लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद दादा. शेवटचं विचारते, जिथे लाकडी भिंत स्टीलच्या भिंतीला भेटते तिथे रेव्हिट दोघींना एकमेकींत घुसवून टाकतं, कोपरा विचित्र दिसतो.

लकडगंजची_लेक

भिंतीच्या टोकावर राइट क्लिक करून डिसअलाउ जॉइन करा, दोन्ही भिंतींना. मग स्टीलच्या बाजूला शेवटचा स्टड पूर्ण घ्या, लाकडाच्या बाजूला पण पूर्ण घ्या, मधे दहा मिलिमीटरची फट आणि वरून झाकपट्टी. सागवान उन्हाळ्यात सुकतं, जुलैत फुगतं, स्टीलला त्याचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे एकच बोर्ड दोन्हीवर ठोकला तर सांधा फुटणारच.

खालच्या लाकडी प्लेटीखाली डीपीसीचा (ओल अडवणारा) थर काढा, वाळवीचं औषध मारणार असाल तर ते तांब्याचं आहे का विचारा, कारण तसलं औषध मारलेलं लाकूड गॅल्व्हनाइज्ड ट्रॅकला टेकलं तर जस्त खातं. तिथे मधे प्लास्टिकची पट्टी लागते, आणि ती ड्रॉइंगमध्ये लिहिलेली पाहिजे, नुसती तोंडी सांगितली तर साइटवर लागत नाही. त्या कोपऱ्याचं एक १:५ चं डिटेल काढून इथे टाका, आम्ही बघतो.