बी-३०४ च्या आजींच्या टीव्हीचा आवाज

बी-३०४ (मुलगी, बंगळूर):
नमस्कार सगळ्यांना, जरा मदत हवी होती. आईच्या टीव्हीला मंगळवारपासून आवाज नाहीये, चित्र एकदम स्वच्छ दिसतंय पण आवाज नाही. मी फोनवर अर्धा तास तिच्याकडून सगळं करून घेतलं, आवाज १०० पर्यंत नेला, मेन स्विच बंद करून परत चालू केला, काही फरक नाही. केबलवाल्यांचा मुलगा बघून गेला, म्हणे टीव्ही जुना झालाय, बोर्ड गेलाय, नवीनच घ्या. आईला आता खूप अंधुक दिसतं, ती टीव्ही बघत नाही खरं तर ऐकते, म्हणून जास्त काळजी वाटते. कोणी जाऊन बघू शकेल का

ए-१०२:
ताई बॉक्सच्या रिमोटवर वेगळं म्यूट असतं आणि टीव्हीच्या रिमोटवर वेगळं, दोन्ही बघितलं का? आमच्याकडे दिवाळीत हाच घोळ झाला होता

बी-३०४:
हो दोन्ही बघितलं. बॉक्सचा आवाज पण फुल आहे

डी-२०५:
एचडीएमआय वायर बदलून बघा, दोनतीनशे रुपयाला मिळते, मी येताना घेऊन येऊ का

सी-४०१:
थांबा, वायर आणायची घाई करू नका. त्या एकाच वायरीतून चित्र पण जातं आणि आवाज पण, चित्र स्वच्छ येतंय म्हणजे वायर बहुतेक ठीक आहे. ताई आईंना दोन गोष्टी विचारा. एक, आवाज सगळ्याच चॅनेलला नाही का काही ठराविक चॅनेलला नाही? दुसरं, एवढ्यात बॉक्स बदललाय का?

बी-३०४:
काका विचारलं. सह्याद्रीला येतोय, आज सकाळी बातम्या ऐकल्या म्हणाली. ती संध्याकाळी सीरियल लावते तिथे अजिबात नाही, कीर्तन लागतं तिथे येतो. आणि हो, बॉक्स मंगळवारीच बदललाय, जुना बंद पडला होता म्हणून एचडीचा दिलाय

सी-४०१:
मग बोर्ड गेलेला नाही. बोर्ड नाहीतर स्पीकर गेला असता तर सह्याद्रीला पण आवाज आला नसता, एवढं त्या मुलाने चॅनेल बदलून बघायला पाहिजे होतं. टीव्ही अजिबात घेऊ नका. मी सात वाजता जाऊन येतो, आईंना सांगून ठेवा म्हणजे दार उघडतील

सेक्रेटरी:
धन्यवाद काका. आजींच्या घराची एक चावी वॉचमनकडे पण आहे, लागली तर

सी-४०१:
जाऊन आलो. आवाज आलाय. सविस्तर लिहितो कारण आपल्या चारही विंगमध्ये जुने टीव्ही आणि नवे बॉक्स असलेली बरीच घरं आहेत.

आधीचा बॉक्स पिवळी-पांढरी-लाल पिनवाला होता. त्या वायरीत आवाज साधा जातो, कुठलाही टीव्ही तो वाजवतो. नवा बॉक्स एचडीएमआयने जोडलाय आणि त्याच्या सेटिंगमध्ये आवाज डॉल्बीवर ठेवलेला होता. बऱ्याच एचडी चॅनेलचा आवाज डॉल्बीमध्ये येतो, म्हणजे आवळून बांधलेलं गाठोडं समजा, बॉक्स ते न सोडता तसंच पुढे टीव्हीकडे ढकलतो आणि आजींच्या जुन्या टीव्हीला ते सोडता येत नाही. म्हणून चित्र येतं आणि आवाजाच्या जागी शांतता. सह्याद्री आणि कीर्तनाचं चॅनेल साध्या आवाजाचं आहे म्हणून तिथे काही अडलं नाही. मी बॉक्सच्या मेनूत जाऊन सेटिंग, मग ऑडिओ, मग डिजिटल ऑडिओ आउटपुट असं शोधलं आणि तिथे डॉल्बी काढून पीसीएम केलं. पीसीएम केलं की गाठोडं बॉक्स स्वतःच सोडतो आणि टीव्हीला साधा आवाज देतो. त्याच क्षणी आवाज आला, आणि टीव्ही १०० वर असल्यामुळे एवढ्या जोरात आला की आजी दचकल्या, ते मात्र मी आधी कमी करायला हवं होतं. तुम्ही कोणी करणार असाल तर आधी आवाज खाली आणा.

मेनूतली नावं प्रत्येक बॉक्सची वेगळी असतात, डॉल्बीच्या जागी कुठे बिटस्ट्रीम लिहिलेलं असतं, कुठे पासथ्रू, आणि पीसीएमच्या जागी कुठे नुसतं स्टिरिओ. टीव्हीचेच स्पीकर वापरत असाल तर पीसीएम किंवा स्टिरिओ ठेवा. होम थिएटर आहे त्यांनीच डॉल्बी ठेवायचं. बॉक्स फॅक्टरी रिसेट केला किंवा रात्रीत सॉफ्टवेअर अपडेट झालं तर कधी कधी हे सेटिंग परत पहिल्यासारखं होतं, तेव्हा परत जाऊन बघा.

आजींनी रिमोटच्या पॉवरच्या बटणावर लाल टिकली चिकटवलीये, बोटाला लागावी म्हणून. म्यूटचं बटण अगदी शेजारी आहे, त्याच्यावर मी सेलोटेपचा छोटा तुकडा लावून आलोय, त्यांचा हात धरून दोन्ही दाखवले, टिकली म्हणजे चालू-बंद आणि गुळगुळीत लागलं की तिथे दाबायचं नाही.

बी-३०४:
काका काय बोलू कळत नाहीये. तीन दिवस ती नुसती बसून होती

ए-१०२:
काका आमचं पण सांगा ना मग. टीव्हीतून सारखा गुर्रर्र असा आवाज येतो मागून. केबल ऑपरेटर म्हणतो सिग्नल वीक आहे

सी-४०१:
नाही, सिग्नलने गुर्रर्र होत नाही. जुन्या अ‍ॅनालॉग केबलला सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या आणि खरखर व्हायची. पुण्यात अ‍ॅनालॉग बंद करायची मुदत ३१ मार्च २०१३ होती, तेव्हा माझं रिपेअरचं दुकान चालू होतं, महिनाभर लोक बॉक्स घेऊन येत होते की जोडून द्या म्हणून. डिजिटलमध्ये सिग्नल कमी झाला तर चित्राचे चौकोन पडतात आणि आवाज तुटतो, टक, परत टक, मग पूर्ण गप्प. तसं होत असेल तर भिंतीतून येणाऱ्या केबलची पिन आणि स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन-तीन करणारा छोटा डबा, बघायचा. सारखी घरघर म्हणजे अर्थिंगचा नाहीतर पिनेचा प्रश्न. तुमच्याकडे तिरंगी पिनाच आहेत का अजून?

ए-१०२:
हो. बॉक्सला एकच बारीक पिन जाते, टीव्हीकडे तीन

सी-४०१:
मग ती बारीक पिन आधी पूर्ण आत दाबा, टक लागेपर्यंत. ती अर्धवट बसली की घरघर येते नाहीतर आवाज एकाच बाजूने येतो. आणि ती वायर बॉक्सबरोबर आलेली आहे का बाजारातून आणलेली? कारण त्या बारीक पिनेतली जोडणी प्रत्येक कंपनीची सारखी नसते, दुसरी वायर लावली की चित्राचा सिग्नल लाल पिनेतून निघतो आणि आवाजाच्या भोकात गेला की असाच गुर्रर्र आवाज येतो

ए-१०२:
बाजारातली आहे!! उंदराने खाल्ली होती म्हणून आणली. पण चित्र येतंय की

सी-४०१:
चित्र कुठल्या रंगाच्या पिनेतून येतंय ते बघा आता टीव्हीच्या मागे

ए-१०२:
लाल पिन पिवळ्या भोकात लावलीये. मुलाने लावली होती, तशी लावली की चित्र येतं म्हणाला. पिवळी लाल भोकात आहे

सी-४०१:
मुलाने बरोबर शोधलं होतं. चित्र पण लाल भोकात गेलेलं नाही, म्हणजे ही घरघर त्यातली नाही. बारीक पिन दाबून बघा, नाही थांबली तर एक काम करा, बॉक्सच्या मागची केबलची जाड वायर फिरवून काढा आणि ऐका. काढल्यावर घरघर थांबली तर ती केबलमधून येतेय, अर्थिंगची, ऑपरेटरला तसंच सांगा आणि तक्रार नंबर घ्या. फोनवर नुसतं बघतो म्हणाले तर ठेवू नका, नंबर घेतल्याशिवाय

डी-२०५:
काका एक शंका, आमच्या टीव्हीत पार्श्वसंगीत दणकून ऐकू येतं आणि माणसं बोलतात ते ऐकूच येत नाही, आईबाबा सारखे आवाज वाढवतात मग जाहिरात लागली की शेजारी ओरडतात

सी-४०१:
टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये सराउंड बंद करा आणि क्लिअर व्हॉइस किंवा न्यूज असं काही असेल ते लावा. बॉक्सचा आवाज पूर्णच्या जवळ ठेवा आणि कमी-जास्त फक्त टीव्हीच्या रिमोटने करा. दोन्हीकडून कमी-जास्त केलं की गोंधळ होतो

ए-१०२:
काका जाड वायर काढली, घरघर थांबली. परत लावली, परत चालू

सी-४०१:
मग अर्थिंगच. आत्ता ती वायर आणि बॉक्स एकदम दोन्ही हातात धरू नका, करंट उतरत असू शकतो. बॉक्सचा स्विच बंद ठेवा. मी टेस्टर घेऊन उद्या अकराला येतो, घरी असाल ना?

ए-१०२:
असणार, मी नसलो तरी बायको आहे

सेक्रेटरी:
काका मी पण येतो, गच्चीवरचा केबलचा डबा उघडायचा असेल तर किल्ली माझ्याकडे आहे