मदत हवी आहे: बाळासाठी जुना पाळणा घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. सुनेला आठवा महिना लागला. कापसाचा पैसा अजून हाती नाही, म्हणून यवतमाळात एकांकडचा जुना लाकडी पाळणा पाहून आलो. कपड्यांची चिंता नाही, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले की झालं, अन् दुपटी जुन्या लुगड्याचीच मऊ. पाळण्याला मात्र मन धजत नाही. दांड्यांमधून माझी चार बोटं आरामात जातात, म्हणजे फट 6 सेंटीमीटरच्या वर. बाळाचं अंग सरकून मान अडकू शकते. रंगाचे पोपडेही निघतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, घासला तर धूळ घरभर. सुताराकडून मधे दांड्या बसवून कुणी वापरलाय का? किती खर्च आला? की नादच सोडावा? सांगा जी.