मदत हवी आहे: सिरियलवरून एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर झोपेतून उठवणे, उगाच जाग कशी टाळावी?

मंडळी, खानापूरकडच्या उसाच्या मळ्यात ओलावा मोजणारे चार नोड आहेत: एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टल, मॅक्स४८५ (आरएस-४८५ बसची ट्रान्सीव्हर चिप), वेग ९६०० बॉड, केबल २०० मीटर. पॉवर-डाउनमध्ये (खोल झोपेत) यूएआरटीचं, म्हणजे सिरियल पोर्टचं, क्लॉकच बंद, म्हणून आरएक्सवर, म्हणजे डेटा येणाऱ्या पिनवर (पीडी०), पिन-चेंज इंटरप्ट (पातळी बदलली की उठवणारा) लावलाय. क्रिस्टल स्थिरावायला १६,३८४ सायकल, म्हणजे साधारण १ मिलिसेकंद लागतो. ९६०० ला एक बाइटही तेवढाच. पहिला बाइट जाणारच. त्यामुळे मास्टर (नोडशी बोलणारा मुख्य कंट्रोलर) आधी ०एक्सएफएफ पाठवून ५ मिलिसेकंद थांबतो. त्यात स्टार्ट बिट सोडून सगळं हाय, अर्धवट वाचन होत नाही. इथवर ठीक.

खरा त्रास बस रिकामी असताना. ए-बी या बसच्या दोन तारा तरंगतात (पातळी अनिश्चित राहते), शेजारची मोटर चालू झाली की नोड उठतात आणि बॅटरी खातात. ६८० ओहमच्या दोन बायस रेझिस्टरनी (रिकामी बस ठरावीक पातळीवर धरणारे) ते थांबतं, पण केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचं टर्मिनेशन असल्याने सतत ३.५ मिलिअँपिअर जातात. बायस मास्टरकडे द्यावं तर थ्री-फेज गेली की मास्टरही बंद! (आपल्याकडच्या विजेचं वेगळं सांगायला नको.)

एवढ्या अंतराला ९६०० वर टर्मिनेशन काढून १० किलोओहमचं बायस मोटरच्या गोंगाटात टिकेल का? की फेलसेफ रिसीव्हरचाच (बस रिकामी असली तरी आउटपुट हाय ठेवणारा) ट्रान्सीव्हर घ्यावा? कमी करंटचा, बेळगावात सुटा मिळणारा कुणी वापरलाय का?