फॅसेट सांध्यांची झीज आणि कंबरदुखी

ताई, सासूबाईंच्या एमआरआयमध्ये ‘फॅसेट सांध्यांची झीज’ लिहून आली आणि घरातले सगळे ऑपरेशनच्या धास्तीत आहेत, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या आईचंही हेच. इथे इंदूरला रामबागेत असते, वय ७१.

मणक्यांच्या मागे डावीउजवीकडे जे छोटे सांधे असतात, तेच फॅसेट; त्यांची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजते, गुडघ्यासारखीच. मागे वाकलं, फार वेळ उभं राहिलं की ते एकमेकांवर दाबले जातात. आई पोळ्या लाटताना मध्येच लाटणं ठेवायची, दोन्ही कोपरं ओट्यावर टेकवून पुढे झुकायची, आणि तिला लगेच बरं वाटायचं. डॉक्टरांना रिपोर्टपेक्षा हे ऐकून जास्त उलगडा झाला. साठीनंतर झीज कित्येकांच्या फोटोत दिसते हो, कंबर कधीच न दुखणाऱ्यांच्याही!

तिला खरा फरक पडला तो व्यायामाने. पोटाचे, पाठीचे स्नायू बळकट करायचे, रोज, नेटाने तीन महिने. ओट्यापाशी एक पाय टेकवायला पाट. संध्याकाळी नेहरू पार्कात चालणं. पट्टा मात्र दिवसभर बांधू देऊ नका.

एवढ्याने नाहीच भागलं तर सांध्याच्या बारीक नसांना भूल देऊन पाहतात. दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, तर त्याच नसा रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे सुईतून सोडलेल्या रेडिओ लहरींच्या विजेने, तापवून निकामी करतात. आराम बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढली तर परत करता येतं. सुईनेच होतं, चिरफाड नाही.

पण पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.